सिकलसेलच्या रुग्णास ग्लुटामिनची पूड : उपयोग आणि सुरक्षितता

मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यातील बागली तालुका माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर वसलेला आहे. काली सिंध नदीचा उगम याच तालुक्यात होतो आणि उत्तरेस वाहत जाऊन ती चंबळेस मिळते. तालुक्याचा दक्षिण भाग मात्र विंध्याच्या उतारावरून नर्मदेच्या खोऱ्याकडे झुकतो. वर काळी जमीन, सोयाबीन आणि गहू. खाली डोंगर, सागाची जंगले आणि भिल्ल, भिलाला, कोरकू या समाजांची विखुरलेली वस्ती. पवारांच्या देवास व धार या संस्थानांमुळे मराठी वाचकास हा मुलूख परका नाही. नर्मदा आणि सातपुडा ओलांडला की भिल्ल समाजाची हीच वस्ती नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांत भेटते. ऊसतोडणी, कापूसवेचणी आणि बांधकाम यांच्या निमित्ताने माणसे या सीमेपलीकडे सतत ये-जा करीत असतात. त्यांच्याबरोबर त्यांचे आजारही ये-जा करतात.

या पट्ट्यातील एक मोठा आजार म्हणजे सिकलसेल रक्तक्षय. भिल्ल समाजात वेळोवेळी झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत या दोषाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा १० पासून ३० पर्यंत आढळले आहे. जन्मभर सोबत करणाऱ्या आजारावर एखादी साधी, बिनवासाची, पाण्यात कालवून घेण्याची पूड गुणकारी आहे असे कोणी सांगितले, तर घरच्या माणसांचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक होय. अशी एक पूड आहे. तिचे नाव ग्लुटामिन. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी ती शहरांतील दुकानांत मोकळेपणी विकली जाते, आणि हेच द्रव्य शुद्ध स्वरूपात सिकलसेलवरील औषध म्हणून २०१७ साली अमेरिकेत मान्य झाले. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे गैरसमजास भरपूर वाव मिळतो. यास्तव ग्लुटामिन काय आहे, ते काय करते, त्याने काय होत नाही आणि ते कोणी घेऊ नये, याचा येथे काहीसा तपशिलाने विचार केला आहे.

एका अक्षराची चूक

तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुफ्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम ते करते. सर्व प्रथिनांप्रमाणे हेही ॲमिनो अम्लांची माळ होय. या माळेतील बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्ल असावयास हवे. सिकलसेलच्या रुग्णात तेथे व्हॅलिन हे दुसरेच ॲमिनो अम्ल येऊन बसते. बीटा साखळीतील १४६ मण्यांपैकी एकच मणी बदलला, परंतु त्याचे परिणाम भयंकर होतात. प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन पेशीच्या आत एकमेकांस चिकटून ताठ दोरे तयार करते आणि बशीसारखी लवचिक गोल पेशी विळ्याच्या आकाराची होते. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त तुंबते आणि त्या भागात असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अंगात रक्त कमी असणे, डोळे पिवळे दिसणे, लहानपणी पांथरी वाढणे, सांधे व हाडे दुखणे ही सर्व लक्षणे या एका चुकीतून उद्भवतात.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार असल्याचे दाखविले, आणि पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका कोणता मणी बदलला ते शोधून काढले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत प्रथम आढळला. त्यानंतर मध्य भारतातील आदिवासी पट्टा, विदर्भ आणि खानदेश येथे तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. तथापि हा केवळ आदिवासींचा आजार आहे असे मानणे चुकीचे होईल. विदर्भात आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही तो आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. रुग्णाच्या हिमोग्लोबिनमध्ये ‘ग्लुटामिक अम्ल’ कमी आहे आणि बाजारातील पुडीचे नाव ‘ग्लुटामिन’ आहे. दोन्ही नावे जवळची, आणि द्रव्येही नात्यातली. ही पूड खाल्ली म्हणजे हिमोग्लोबिनमधील उणीव भरून निघते, असे कोणी या नावांच्या आधारे सांगू लागला तर ऐकणाऱ्यास ते पटण्यासारखे वाटते. ते साफ खोटे आहे. रुग्णाच्या शरीरात ग्लुटामिक अम्लाचा तुटवडा मुळीच नसतो. दोष आहे तो माळ ओवण्याच्या सूचनेत, म्हणजे जनुकात. चुकीचा नमुना समोर ठेवून विणणाऱ्यास कितीही सूत आणून दिले तरी कापड चुकीचेच विणले जाते. तोंडाने घेतलेले कोणतेही ॲमिनो अम्ल ही चूक दुरुस्त करू शकत नाही. ग्लुटामिनचा जो काही उपयोग आहे तो निराळ्याच वाटेने होतो.

ग्लुटामिनचे कार्य

ग्लुटामिन हे शरीर स्वतः तयार करू शकते असे ॲमिनो अम्ल आहे. मुख्यतः स्नायूंत ते तयार होते आणि रक्तात मोकळ्या स्वरूपात असणाऱ्या ॲमिनो अम्लांत त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते. दूध, डाळी, अंडी, मांस यांतून ते आहारातही मिळते. गव्हाच्या चिकातील प्रथिनांत तर त्याचा वाटा फार मोठा आहे. ग्लुटामिक अम्ल १८६६ साली प्रथम वेगळे केले गेले तेही गव्हाच्या चिकातूनच. माळव्याचा गहू खाणाऱ्यास ग्लुटामिनची ओळख नसली तरी ते त्याच्या ताटात रोज येत असते. सर्वसाधारण आहारातून दिवसाकाठी सुमारे ३ ते ६ ग्रॅम ग्लुटामिन मिळते असे मानतात. निरोगी माणसास याहून अधिकाची गरज सहसा पडत नाही. मोठे भाजणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घ आजार अशा वेळी मात्र शरीराची मागणी निर्मितीपेक्षा वाढू शकते.

सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी अशाच सततच्या ताणाखाली असते. लोखंड उघड्यावर राहिले की गंजते, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास माहीत आहे. पेशीच्या आतही प्राणवायूमुळे असेच ऑक्सिडीकरण चालू असते आणि ते आवरण्यासाठी पेशीजवळ स्वतःची संरक्षक द्रव्ये असतात. ग्लुटाथायोन हे त्यांपैकी प्रमुख. ते ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन ॲमिनो अम्लांचे बनते. सदोष हिमोग्लोबिन अस्थिर असते. त्यातून लोहयुक्त भाग सुटा होतो, ऑक्सिडीकरण वाढते आणि पेशीतील ग्लुटाथायोनचा साठा खर्ची पडतो. पेशीचे आवरण त्यामुळे ताठर व चिकट बनते आणि ती रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटू लागते. लॉस एंजलिसमधील डॉ. युताका निहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक ग्लुटामिन शोषून घेतात. पेशी ते ग्लुटाथायोन बनविण्यासाठी आणि एनएडी नावाच्या सहायक द्रव्याच्या निर्मितीसाठी वापरीत असावी. अधिक ग्लुटामिन पुरविले तर पेशीची संरक्षणशक्ती वाढेल, ही या उपचारामागील कल्पना होय. ती तर्कशुद्ध आहे. तरीही ग्लुटामिन नेमके कसे काम करते हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही.

चाचणीत काय आढळले

औषध गुणकारी आहे की नाही हे तर्काने ठरत नाही, रुग्णांवर काळजीपूर्वक केलेल्या तुलनेने ठरते. ग्लुटामिनची अशी चाचणी अमेरिकेत झाली व तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. तीत ५ ते ५८ वर्षे वयाचे २३० रुग्ण होते. त्यांना मागील वर्षात वेदनेचे किमान दोन झटके येऊन गेले होते. १५२ रुग्णांस ग्लुटामिन आणि ७८ रुग्णांस तशीच दिसणारी निरुपयोगी पूड ४८ आठवडे देण्यात आली. कोणास काय दिले जात आहे हे रुग्णास वा डॉक्टरांस ठाऊक नव्हते. सुमारे दोनतृतीयांश रुग्ण हायड्रॉक्सियुरिया हे नेहमीचे औषधही घेत होते आणि ते तसेच चालू ठेवले होते.

ग्लुटामिन घेणाऱ्या गटात वेदनेच्या झटक्यांची मध्यम संख्या ३ भरली, तर दुसऱ्या गटात ४. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग ३ वरून २ वर आले. छातीत रक्त तुंबून श्वास कोंडण्याचा जो गंभीर प्रकार असतो, तो ग्लुटामिनच्या गटात शेकडा ९ च्या आसपास रुग्णांना झाला आणि दुसऱ्या गटात शेकडा २३ रुग्णांना. हा लाभ खरा आहे. वर्षातून एक झटका टळला, म्हणजे काही दिवसांच्या जीवघेण्या वेदना, शाळेची वा कामाची बुडती आणि रुग्णालयाची एक खेप टळली. डोंगरातील पाड्यावरून खाटेवर घालून रुग्णास सडकेपर्यंत आणावे लागते तेथे या एका खेपेची किंमत मोठी आहे.

परंतु याच चाचणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्लुटामिनने हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढले नाही. झटके कमी झाले, थांबले नाहीत. चाचणी पूर्ण होण्याआधीच तीतून बाहेर पडलेल्यांची संख्या मोठी होती आणि ग्लुटामिनच्या गटात ती अधिक होती. त्यामुळे निष्कर्षाच्या भक्कमपणाविषयी शंका घेतल्या गेल्या. युरोपातील औषध नियंत्रण संस्थेने याच पुराव्यावर २०१९ साली प्रतिकूल मत दिले आणि तेथील मान्यतेचा अर्ज पुढे मागे घेण्यात आला. एकाच चाचणीकडे पाहून दोन जबाबदार संस्थांनी दोन निरनिराळी मते द्यावीत, यावरून पुरावा किती मध्यम प्रतीचा आहे हे समजून येते.

ग्लुटाथायोन वाढविणारे दुसरे एक द्रव्य म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. पॅरासिटामॉल अतिप्रमाणात घेतल्याने यकृतास विषबाधा झाली असता १९७० च्या दशकापासून हे द्रव्य उतारा म्हणून वापरले जाते. पहिल्या ८ तासांत दिल्यास त्याचा गुण निःसंशय आहे आणि ते आवश्यक औषधांच्या यादीत आहे. वेदनेपोटी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोजमाप न ठेवता घेणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णास याचा संबंध येऊ शकतो. मात्र सिकलसेलचे झटके टाळण्यासाठी तेच द्रव्य सहा महिने रोज देऊन पाहिले, तेव्हा ९६ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत वेदनेच्या दिवसांत फरक दिसला नाही. २०१७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्लुटाथायोन वाढविणारे प्रत्येक द्रव्य सिकलसेलला उपयोगी पडेलच असे म्हणता येत नाही, हे यातून दिसते.

मात्रा आणि घेण्याची रीत

औषध म्हणून मान्य झालेली मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते. ३० किलोपेक्षा कमी वजनास ५ ग्रॅम, ३० ते ६५ किलोस १० ग्रॅम आणि ६५ किलोच्या वर १५ ग्रॅम, याप्रमाणे दिवसातून दोन वेळा. पाच वर्षांखालील मुलांस ते द्यावे असा पुरावा नाही. पूड थंड किंवा साध्या पाण्यात, दुधात, ताकात अथवा दह्यात कालवून लगेच घ्यावयाची असते. ती पूर्णपणे विरघळली नाही तरी चालते. गरम चहात वा उकळत्या दुधात ती घालू नये. ६० किलो वजनाच्या माणसास या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम शुद्ध ग्लुटामिन लागते. एवढी पूड वर्षानुवर्षे, न चुकता, दिवसातून दोन वेळा घ्यावी लागते. खर्चाचा आणि चिकाटीचा हा हिशेब आधी मांडलेला बरा.

आहारातूनच ही मात्रा पुरी करावी असे कोणास वाटेल. ते साधत नाही, हे वरील आकड्यांवरून उघड आहे. तरीही डाळ, दूध, अंडी व हिरव्या भाज्या यांचा आहार सिकलसेलच्या रुग्णास इतर सर्व कारणांसाठी अवश्य आहे. घरातील पैसा पुडीवर खर्च होऊन मुलाची डाळ तुटणार असेल, तर तो सौदा तोट्याचा ठरेल.

कोणास अपाय होऊ शकतो

चाचणीत ग्लुटामिन घेणाऱ्यांत बद्धकोष्ठ, मळमळ, डोकेदुखी, पोटदुखी, खोकला आणि हातपाय, पाठ व छाती दुखणे ही लक्षणे अधिक आढळली. बहुतेकांस ती सौम्य होती. अडचण निराळीच आहे. यांतील बरीच लक्षणे खुद्द सिकलसेलचीही आहेत. छातीत दुखू लागले, खोकला आला, ताप चढला किंवा दम लागला, तर तो पुडीचा परिणाम समजून घरी बसणे प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, रुग्णालयात नेले पाहिजे.

दुसरी सूचना यकृत व मूत्रपिंड यांविषयी. ग्लुटामिनचे पचन होताना अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. यकृत खराब झालेले असेल तर अमोनिया रक्तात साठून मेंदूवर परिणाम होण्याचा धोका राहतो. सिकलसेलच्या अनेक रुग्णांत तरुणपणापासूनच मूत्रपिंडे क्षीण होऊ लागतात आणि वारंवार रक्त चढविल्यास यकृतात लोह साठते. ज्या रुग्णांस ही पूड घ्यावीशी वाटेल त्यांच्यातच तिच्या अपायाची शक्यताही असू शकते, असा हा पेच आहे. यास्तव यकृताची व मूत्रपिंडाची रक्ततपासणी केल्यावाचून ग्लुटामिन सुरू करू नये.

अत्यवस्थ रुग्णांच्या बाबतीत तर स्पष्ट इशारा मिळालेला आहे. शरीराची अनेक इंद्रिये निकामी होऊ लागलेल्या १२२३ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत ग्लुटामिन दिलेल्या रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. त्यापूर्वी कित्येक वर्षे अशा रुग्णांस ग्लुटामिन हितकारक आहे असाच समज होता. शरीरातच तयार होणारे द्रव्य निरुपद्रवी असलेच पाहिजे, हा युक्तिवाद येथे कोसळला. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसंबंधी पुरेशी माहिती उपलब्ध नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावाचून ते घेऊ नये. कर्करोगाच्या काही गाठी ग्लुटामिनवर पोसल्या जातात, म्हणून त्या रुग्णांनीही आपल्या मनाने ते घेणे टाळावे.

दुकानातील डब्यांविषयी थोडे अधिक. व्यायामशाळेसाठी विकली जाणारी पूड अन्नपदार्थ म्हणून विकली जाते, औषध म्हणून नव्हे. अशा डब्यांवर ते औषधी उपयोगासाठी नसल्याची सूचना छापलेली असते. कित्येक डब्यांत ग्लुटामिनबरोबर इतर ॲमिनो अम्ले, साखर, कृत्रिम रंग व स्वाद आणि क्वचित कॅफीनही मिसळलेले असते. कॅफीन लघवी वाढविते, आणि सिकलसेलच्या रुग्णास अंगातील पाणी कमी होणे हेच झटक्याचे निमंत्रण असते. अन्नपदार्थाच्या वेष्टनावर वा जाहिरातीत अमुक रोग बरा होतो असा दावा करण्यास कायद्याने मनाई आहे. बाजारच्या दिवशी वा मेळ्यात असा दावा करून पूड विकणारा आढळल्यास त्याची खबर अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास द्यावी.

पहिले स्थान कशास

सिकलसेलवर ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत वर्षाला झटक्यांची मध्यम संख्या ४.५ वरून २.५ वर आली. जन्माच्या वेळी बालकाच्या रक्तात असणारे गर्भकालीन हिमोग्लोबिन हे औषध पुन्हा वाढविते. ते विळ्याचा आकार होऊ देत नाही. म्हणूनच सिकलसेलच्या बालकास पहिले काही महिने त्रास होत नाही. हायड्रॉक्सियुरियाने हिमोग्लोबिनचे प्रमाणही सुधारते. भारतीय मुलांत शरीराच्या दर किलो वजनास १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही चांगला गुण येतो, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात दिसून आले आहे. शासकीय कार्यक्रमातून ते विनामूल्य दिले जाते. त्यासाठी ठराविक काळाने रक्तातील पेशींची मोजणी करावी लागते आणि मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. ग्लुटामिनचे स्थान याच्या नंतरचे आहे. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेऊनही झटके येत राहिले, अथवा ते कोणत्याही कारणाने सोसवले नाही, तर ग्लुटामिनचा विचार तज्ज्ञ डॉक्टर करू शकतात. पूड सुरू केली म्हणून गोळी बंद करणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग होय.

नव्या औषधांविषयीचा उत्साह आवरता घ्यावा असे म्हणण्यास आणखीही कारण आहे. सिकलसेलवरील व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने हिमोग्लोबिन वाढते हे खरे होते. तरीही काही रुग्णांतील झटके व मृत्यू यांच्या नोंदी समोर आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. २०२३ च्या अखेरीस जनुकातच बदल करणाऱ्या उपचारास ब्रिटन व अमेरिका येथे मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी रुग्णालये पाहता बागलीच्या वा अक्कलकुव्याच्या रुग्णापर्यंत ते पोहोचण्यास बराच काळ जाईल.

गावात, शाळेत आणि दवाखान्यात

या आजारात बिनखर्चाच्या गोष्टींचे मोल औषधाइतकेच आहे. भरपूर पाणी पिणे, थंडीत अंग उबदार ठेवणे, भर उन्हातील अतिश्रम टाळणे, ताप आल्यास वाट न पाहता दवाखाना गाठणे, फॉलिक अम्लाची गोळी रोज घेणे आणि लसीकरण पूर्ण करणे. लहान मुलांस न्यूमोनियाच्या जंतूंपासून फार धोका असतो. त्यांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलीन देण्याचा प्रघात आहे. मूल एकाएकी फिकट पडले आणि पोटाच्या डाव्या बाजूस पांथरी वाढलेली हाताला लागली, तर रक्त पांथरीत साठून राहिले असण्याची शक्यता असते. या प्रसंगी तासाभराचा उशीरही महाग पडतो. पांथरी चाचपून पाहणे आईस शिकविता येते, आणि आशा कार्यकर्तीने ते शिकवावे.

शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी बाब म्हणजे, सिकलसेलच्या विद्यार्थ्याची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत. त्यास वारंवार तहान लागते व वारंवार लघवीस जावे लागते. तासाच्या मध्ये बाहेर जाण्याची परवानगी मागणारा मुलगा खोडकर असेलच असे नाही. थंडीच्या दिवसांत सकाळच्या कवायतीस त्याला उघड्या अंगाने उभे करू नये, धावण्याची सक्ती करू नये आणि दुखते असे तो म्हणाला तर ते खरे मानावे. शाळेतून वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या या विद्यार्थ्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. त्याचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने झालेला नसतो, आणि रक्त चढविलेले असल्यास लोह आधीच जास्त असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. त्याखालील प्रमाणपत्र व सवलती यांसाठी पालकांस मार्गदर्शन करणे हे मुख्याध्यापकांस सहज शक्य आहे.

तपासणी सोपी आहे. बोटातील रक्ताच्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते आणि ती सदोष आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे निश्चित होते. वाहकास बहुधा काही त्रास होत नाही. त्याला ग्लुटामिन, हायड्रॉक्सियुरिया किंवा अन्य कोणतेही औषध लागत नाही. वाहकांस रुग्ण समजून पूड विकणे ही सरळ फसवणूक आहे. किंबहुना वाहकांस प्राणघातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि जंगलपट्ट्यांत हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकून राहण्याचे कारणही तेच आहे. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल निरोगी जन्मले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, हे पालकांस पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते.

केंद्र शासनाचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. १७ राज्यांतील, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून शिल्लक राहू न देण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवलेले आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यात आहेत. तपासणीनंतर मिळणारे ओळखपत्र स्थलांतरित कुटुंबांनी जवळ बाळगले, तर बागलीहून ऊसतोडणीस आलेल्या रुग्णाची गोळी महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रातही खंड न पडता चालू ठेवणे सोपे जाते. ग्लुटामिन घेत असल्यास तेही कागदावर लिहून घ्यावे. सुरू केल्याची तारीख, रुग्णाचे वजन, दिवसाची मात्रा आणि महिन्यात आलेले झटके, एवढी नोंद वहीत असली तरी पुरे. सहा महिन्यांनी ही वही पाहून पूड चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांस ठरविता येईल.